जाणतं घर बांधताना: नव्यानं येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पॅनेल वायरिंगला लागलो. आता घरं ‘जाणती’ करायची कामं घेतो. माणसाची चाहूल लागली की दिवा, पंखा, मोटर यांनी आपापलं काम करायचं. संगणकानं असं भोवतालात विरून जावं ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ सालीच मांडली होती. या कामात येणारी पोरं मला विचारतात, यंत्रं चालवायला कंट्रोलर बोर्ड कोणता घेऊ? कुठलाही घ्या. खरा कस वेगवेगळी यंत्रं एकमेकांशी बोलती करायच्या जोडकामात लागतो.

माझं पहिलं मोठं काम मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात होतं. आजी रात्री उठल्या की न्हाणीघरापर्यंत उजेड व्हावा आणि बराच वेळ परतल्या नाहीत तर माडीवर मुलाला कळावं, एवढंच मागणं. शिवाय पाण्याची मोटर किती वीज खाते तेही बघायचं होतं. चाहूल घेणारा सेन्सर झिगबीचा (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत), दिवे वायफायचे, मोटरचा मीटर मॉडबसचा (कारखान्यातल्या यंत्रांची जुनी बोली). तिघांच्या बोली तीन.

मीटरनं दोन दिवस खाल्ले. व्होल्टेज म्हणून आकडा यायचा १७२५४. मी वायरी पुन्हा पुन्हा कसत बसलो. आकडा येतोय म्हणजे वायर ठीकच आहे, हे तेव्हा सुचलं नाही. शेवटी मॅन्युअल नीट वाचलं. व्होल्टेज दोन रजिस्टरांत, म्हणजे मीटरमधल्या आकड्यांच्या दोन कप्प्यांत, मिळून ठेवलेलं होतं आणि मी त्यातलं पहिलंच, तेही पूर्णांक समजून वाचत होतो. १७२५४ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) ४३६६. दुसरं रजिस्टर त्याला जोडून दशांश आकडा म्हणून वाचल्यावर २३० व्होल्ट आणि वर थोडं, असं बरोबर उत्तर आलं.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी वहीत तक्ता करा. कोणतं यंत्र काय सांगतं, कोणत्या एककात, किती वेळानं, आणि ते गप्प झालं तर काय समजायचं? हा शेवटचा रकाना मी सगळ्यात आधी भरतो. यंत्रांनी एकमेकांना निरोप धाडायच्या एमक्यूटीटी या पद्धतीत त्यासाठी ‘लास्ट विल’ची सोय आहे: यंत्राचा संपर्क अचानक तुटला की त्यानं आधीच सोपवून ठेवलेला निरोप ब्रोकर, म्हणजे मधला निरोप्या, तो ऐकणाऱ्या सगळ्यांना कळवतो. सरावाला जुन्या लॅपटॉपवर नोड-रेड आणि होम असिस्टंट ही यंत्रं जोडायची सॉफ्टवेअरं पुरे. मीटर एखाद्या पॅनेलवाल्याकडून मागून आणा.

जाड भिंतींमुळे सेन्सरचा निरोप पोचेना, तेव्हा सोप्यात झिगबीचा प्लग लावला. तो निरोप पुढं सरकवतो. ते चटकन सुटलं. दिव्यांचं मात्र जिव्हारी लागलं. आजी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करायच्या आणि दिवा नेटवर्कवरूनच नाहीसा व्हायचा. त्यातच एका रात्री दोन वाजता लाइट जाऊन आली आणि सगळे दिवे एकदम भगभगीत पेटले. आजी दचकून उठून बसल्या.

दुसऱ्या दिवशी ते दिवे काढून साधे बसवले, बटणाच्या मागं रिले (निरोपावर चालू-बंद होणारा छोटा स्विच) घातला आणि लाइट आल्यावर तो बंदच राहील असं सेटिंग केलं. मग राउटर बंद करून आजींना बटण दाबायला सांगितलं. दिवा लागला.