रात्रीचा बॅकअप, सकाळचा रिपोर्ट: छोट्या ऑफिसात आयटी सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

औषधांची एजन्सी, पतसंस्था, कोचिंग क्लास, कुठेही आयटीची पहिली नोकरी लागली की दोन कामं अंगावर येतात: बॅकअप सांभाळणं आणि साहेबांना हवे तसे रिपोर्ट काढून देणं. ही दोन कामं जोडून टाका. रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रोज रिस्टोअर करायचा आणि सगळे रिपोर्ट त्याच प्रतीवर चालवायचे. जड क्वेरीमुळे बिलिंग अडकत नाही आणि बॅकअप उघडतो की नाही, याची परीक्षा रोज आपोआप होते. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

एजन्सीचं बिलिंग मायएसक्यूएल या डेटाबेसवर आहे असं धरू. त्याचा बॅकअप (डंप) काढणारी मायएसक्यूएलडंप ही कमांड 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्यायासह चालवा, म्हणजे बिलं सुरू असतानाही एकाच क्षणाची सुसंगत प्रत मिळते. मात्र हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतंच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम प्रकारची टेबलं सापडतात, तिथे ही हमी नाही. डंप चालू असताना सॉफ्टवेअर अपडेट करून टेबलांची रचना बदलू नका. 'रुटीन्स' (डेटाबेसमध्ये साठवलेले प्रोग्रॅम) आणि 'इव्हेंट्स' (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हे पर्याय आपणहून द्यावे लागतात. ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारी कामं) मात्र न सांगता डंपमध्ये येतात. 'डेटाबेसेस' हा पर्याय टाळा. त्याने डेटाबेसचं मूळ नाव फाइलमध्येच लिहिलं जातं आणि चुकून चालू सर्व्हरवर रिस्टोअर झालं तर खऱ्या डेटावरच घाला पडतो.

सगळ्यात जास्त दगा देतो तो पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं. डंप सरळ फाइल लहान करणाऱ्या जीझिपकडे सोडला की स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला फक्त शेवटच्या कमांडचा निकाल दिसतो. डिस्क किंवा कनेक्शनमुळे डंप मध्येच तुटला तरी स्क्रिप्ट सगळं ठीक म्हणते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' लावा, म्हणजे आधीची कमांड फसली तरी कळतं, आणि फाइलच्या शेवटी 'डंप कम्प्लिटेड' ही ओळ आली का ते तपासा.

रिपोर्टच्या मशीनवर दोन डेटाबेस ठेवा आणि आज एक, उद्या दुसरा असे आलटून पालटून भरा. आजचं रिस्टोअर फसलं तरी कालची प्रत शाबूत राहते. तिसऱ्या डेटाबेसमध्ये फक्त व्ह्यू (त्या प्रतीतला निवडक डेटा दाखवणारी आभासी टेबलं) ठेवा. मेटाबेससारखं रिपोर्ट बनवणारं साधन त्यालाच जोडा आणि त्याच्या युजरला फक्त वाचायचा अधिकार द्या. ग्राहकांचे मोबाइल नंबर व्ह्यूमध्ये घेऊच नका. विक्रीच्या रिपोर्टला ते लागत नाहीत. व्ह्यू नव्या प्रतीकडे वळवण्याआधी शेवटचा बिल नंबर आणि कालच्या बिलांची बेरीज काउंटरच्या हिशेबाशी जुळवा. जुळली नाही तर वळवू नका. प्रत्येक रिपोर्टवर 'अमुक वेळेपर्यंतचा डेटा' असं छापा, नाहीतर आजचं बिल दिसत नाही म्हणून दिवसभर फोन येतात.

खरा फायदा पुढे आहे. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये स्टॉकचा फक्त आजचा आकडा असतो, कालचा पुसला जातो. रोज रिस्टोअर झालं की बॅचनिहाय शिल्लक आणि एक्स्पायरीची तारीख, त्या दिवसाच्या तारखेसह वेगळ्या टेबलात जमा करा. हे टेबल आलटून पालटून भरणाऱ्या डेटाबेसमध्ये नको, तिथे ते पुसलं जाईल. त्याचा स्वतंत्र बॅकअपही घ्या. तीन-चार महिन्यांत कोणती बॅच हलतच नाही हे स्पष्ट दिसतं आणि एक्स्पायरी जवळ येण्याआधी माल परत पाठवायला हाताशी वेळ राहतो. मालकाला बॅकअपसाठी खर्च करायला पटवणारा रिपोर्ट हाच.

रिपोर्टची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. ती रोज पुसली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर, हा नियम वेगळा पाळायचाच. त्यातली एक डिस्क काम झालं की काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) जोडलेल्या डिस्कही लॉक करतं. सिंक होणारं फोल्डर चालत नाही: इथे फाइल उडाली की तिथेही उडते. संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणं 2022 पासून नियमाने बंधनकारक आहे. क्लाउड घेताना मुंबई किंवा हैदराबादसारखं भारतातलं रीजन निवडा.

रिपोर्टच्या सर्व्हरवर इव्हेंट्स चालवणारा इव्हेंट शेड्युलर बंद ठेवा. मायएसक्यूएल 8 मध्ये तो मुळातच चालू असतो. रिस्टोअर झालेले इव्हेंट तिथे चालले तर प्रतीतले आकडे बदलतात आणि सकाळी बेरीज का जुळत नाही, ते शोधत बसावं लागतं.