अ‍ॅल्युमिनियमचं कुंपण घालताय? आधी खड्डा बघा

कुंपणाचा रंग आणि नक्षी ठरवायला घरातले सगळे महिनाभर बसतात आणि खड्डे मात्र एका दुपारी दोन मजूर लावून उरकतात. खानदेशात हे उलटं करा. रावेर, यावल, चोपडा किंवा तापीकाठचं कुठलंही गाव घ्या, घर काळ्या मातीवर असेल तर कुंपण टिकणार की वाकडं होणार हे खड्ड्यातच ठरतं. मागच्या वेळी कुंपणाबद्दल सांगताना माझ्याकडून नेमकं हे खड्ड्याचंच सुटलं. म्हणून यादीत ते पहिलं आहे आणि पुढेही अधूनमधून येत राहील.

काळी माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दीड फुटाच्या खड्ड्यातला खांब या खेळात दरवर्षी थोडा वर येतो आणि थोडा कलतो. लोखंडी अँगलला किंवा सिमेंटच्या पोलला निदान स्वतःचं थोडं वजन तरी असतं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे माती त्याला आणखी सहज उचलते. त्यातही सगळे खांब सारखे उचलले गेले तर चाललं असतं. तसं होत नाही. मोरीचं पाणी जिथे सुटतं, लिंबाला ठिबकची नळी जिथे आहे, तिथली माती जास्त फुगते. तिथला खांब वर जातो, शेजारचा जागेवर राहतो, मधली जाळी तिरकी होते, आणि फाटकाची कडी लागेनाशी होते. मिस्त्री म्हणेल, "काही व्हत नही भाऊ, दीड फूट रगड झालं." होतं. पहिल्याच पावसाळ्यात होतं.

तर खड्डा. सगळे खणण्याआधी नमुन्याचे दोन खणून बघा, एक मोरीच्या बाजूला आणि एक कोरड्या बाजूला. मुरूम लागला तर मुरमात अर्धा फूट आत जा आणि निर्धास्त व्हा. तापीकाठी मुरूम सहजासहजी लागत नाही, तिथे किमान चार फूट खोल जायचं. तळ रुंद, तोंड अरुंद. मजूर नेमकं उलटं करतात, कारण पहारीने वरून खणताना तोंडच पसरतं. वर पसरलेल्या काँक्रीटची छत्री होते आणि फुगणारी माती त्या छत्रीला खालून धरून अख्खा खांब वर ढकलते. वरच्या दीड-दोन फुटांत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून त्यात काँक्रीट ओता, म्हणजे मातीला धरायला खडबडीत अंग मिळत नाही. जळगावात पाइपचे तुकडे काही महाग नाहीत. पाइप नसेल तर जाड प्लास्टिकचा कागद दोन पदरी गुंडाळा. खोली स्वतः टेप लावून मोजा, प्रत्येक खड्ड्याची. मिस्त्रीच्या फावड्याच्या दांड्यावर विसंबू नका.

काम कधी काढायचं? दिवाळीनंतर. माती तेव्हा पुरती फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सगळं संपलं पाहिजे, कारण मे महिन्याच्या शेवटापासून वावधान, म्हणजे वादळी वारं, सुटतं. त्या वाऱ्यात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात हे इथे कुणाला सांगायला नको. शिवाय आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, अंगणात झोके बांधले जातात. ओल्या काँक्रीटमधल्या खांबाला पोरं लटकलेली मला चालणार नाहीत.

हद्द. भूमी अभिलेखच्या मोजणीच्या खुणा सापडत असतील तर ठीक, नसतील तर आधी मोजणी. शेजारी कितीही चांगला असला तरी. काकांनी दाखवलेल्या बांधावर विश्वास ठेवून काँक्रीट ओतू नका. उंचीचा नियम नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

अ‍ॅल्युमिनियम कुठे नको, हेही ठरवा. समोरच्या आणि रस्त्याच्या बाजूला ते शोभतं, गंजत नाही, दरवर्षी रंग लावावा लागत नाही. मागे गोठा किंवा वावर असेल तर तिथे ते लावूच नका. म्हैस पाठ घासायला लागली की दोन इंची पाइप वाकतो, आणि वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप ठोकून सरळ केला तर पुन्हा तिथेच वाकतो किंवा चिरतो. त्या बाजूला सिमेंटचे पोल आणि चेनलिंक जाळी बरी. केळीवाल्यांना आणखी एक: पालाशची पोती कुंपणाला टेकवून ठेवू नका. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि ओल्या क्लोराइडने अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. "हे गंजत नाही" याचा अर्थ याला काहीच होत नाही असा नव्हे. तांबडा गंज चढत नाही एवढाच.

आता माल. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा स्लायडिंग खिडकीचे सेक्शन घेऊन येतो, कारण ते त्याच्याकडे पडलेले असतात. त्यांची जाडी एक-सव्वा मिलीमीटर. खिडकीला पुरतं, कुंपणाच्या खांबाला नाही. खांब दोन इंची चौकोनी, जाडी किमान २ मिलीमीटर. फाटकाचे खांब तीन इंची, जाडी ३ मिलीमीटर. मिश्रधातू ६०६३ मागा, आणि टेम्पर (धातूला दिलेला कडकपणा) टी५ किंवा टी६. जुन्या भारतीय मानकात हाच ६३४०० या आकड्याने ओळखला जातो, त्यामुळे बिलावर तो आकडा दिसला तर घाबरू नका. भाव किलोवर आहे की रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर, ते आधी ठरवा. रनिंग फुटाचा भाव ठरला की माल पातळ होत जातो. व्हर्नियर कॅलिपर विकत किंवा उसना घ्या आणि कापलेल्या तोंडाशी जाडी मोजा. समोरच मोजा, लाजू नका.

पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन, आणि पावडर पॉलिएस्टरची. इपॉक्सी घरातल्या वस्तूंसाठी. उन्हात तिचा खडू होतो, हात फिरवला की बोटाला पूड लागते. भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कोटिंगच्या आधी धुणं आणि रसायनाचा थर झाला का, हे कोटिंगवाल्याला विचारा. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा, कारण तो थर नसला की पावसाळ्यातल्या दमटपणात कापलेल्या कडेपासून रंगाखाली केसासारख्या रेषा पसरतात आणि पापुद्रा सुटतो. म्हणून कापणं आणि भोकं पाडणं जमेल तितकं कोटिंगच्या आधीच. जागेवर कापावं लागलंच तर त्याच दिवशी टचअपचा रंग.

वारा. इथे थोडं गणित आहे, पण करून बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण २४ किलोचा दाब येतो. भारतीय मानक ८७५ च्या वाऱ्याबद्दलच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी ३९ मीटर प्रति सेकंद आणि नागपूरसाठी ४४ हा मूळ वेग धरला आहे. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर, आणि दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर. सहा फूट रुंद, पाच फूट उंच पडदा पूर्ण बंद असेल तर त्या वाऱ्यात त्याच्यावर अडीचशे किलोचा धक्का बसतो. तोच पडदा उभ्या पट्ट्यांचा, मधे हवा जाणारा असेल तर धक्का कितीतरी कमी. म्हणून उभ्या पट्ट्या घ्या, पत्रा नको, एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे प्लास्टिक असलेली) नको. आणि कुंपण झाल्यावर आडोसा हवा म्हणून त्याला हिरवी जाळी बांधू नका. जाळी बांधली की उघडं कुंपण बंद झालं आणि आतापर्यंतचं सगळं गणित वाया. आडोसा हवाच असेल तर मेंदी लावा, कुंपणापासून दोन फूट आत. आत का, तर मेंदीचं पाणी खांबाच्या बुडाशी जाऊ नये म्हणून. पुन्हा तोच खड्डा, तीच माती.

खांबांमधलं अंतर सहा फूट. आठ फुटांवर घेतले तर इतके खड्डे वाचतात, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सहाच घ्या. खड्डे वाचवायचे नसतात.

स्क्रू आणि रिबीट स्टेनलेसचे, ३०४ चे. जिप्सम बोर्डाला लावतात ते काळे लोखंडी स्क्रू अजिबात नकोत. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की दोघांचा सांधा खराब होतो, स्क्रूभोवती पांढरी पूड येते, भोक मोठं होतं आणि पट्टी वाऱ्यात खडखडते. लोखंडी बिजागरी वापरावी लागली तर मधे नायलॉनचं वॉशर किंवा रबरी पट्टी. तांब्याची तार तर टेकवूही नका. आडव्या पट्ट्यांना खांबाच्या खाचेत दोन-तीन मिलीमीटर जागा मोकळी हवी. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत धातूच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात सहा फुटी पट्टी दोन मिलीमीटर लांबते. गच्च बसवली तर मधे फुगते.

खांबाचा जो भाग काँक्रीटमध्ये जाणार त्याला डांबरी रंगाचे दोन हात द्या आणि काँक्रीटच्या वर दोन इंचांपर्यंत न्या. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम खातं. हे बहुतेक मिस्त्रींना पटत नाही, कारण खिडक्या बसवताना त्यांनी ते कधी केलेलं नसतं. न पटता करून घ्या. खांबाच्या वर टोपी हवीच, आणि काँक्रीटच्या जरा वर पाणी जायला एक बारीक भोक. भोकाखालची पोकळी काँक्रीटने भरून घ्या, नाहीतर आत पाणी साठतं.

बसवताना आधी दोन टोकांचे खांब, मग दोरी, मग मधले. प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा. काँक्रीट एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी), पाणी बेताचं. सरबत करू नका. जमिनीच्या वर दोन इंच आणून चारी बाजूंना उतार. ओतण्याआधी खड्डा पुन्हा मोजा, कारण रात्रीतून कडेची माती आत पडलेली असते आणि चार फुटांचे तीन होतात. पडलेली माती काढायला कंटाळले तर खणलेलं सगळं फुकट. सात दिवस पाणी मारायचं, तेही काँक्रीटवर, भोवतीच्या मातीवर नाही. या सात दिवसांत पट्ट्या लावू नका.

फाटक. बिजागऱ्या दोन नाही, तीन. कडी बंद स्थितीत लागते तशी उघड्या स्थितीतही लागली पाहिजे, नाहीतर वावटळीत फाटक आपटून आपटून खांब सैल होतो. खाली जमिनीपासून दोन-तीन इंच जागा ठेवा. पाणी जायला हवं, आणि माती फुगली तरी फाटक घासायला नको.

दिवे लावायचे असतील तर वायर वेगळ्या पाइपमधून, कुंपणाच्या पोकळीतून नाही, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवलेला असावा. वरून वीजवाहिनी जात असेल तर लांब पाइप उभे करताना जपून.

चोरी होते. भंगारात अ‍ॅल्युमिनियमला भाव आहे. बाहेरच्या बाजूला स्क्रूची डोकी येऊ देऊ नका, रिबीट मारा.

पैसे सगळे देऊ नका. थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत मागे ठेवा आणि तसं आधीच बोलून घ्या. पाऊस झाला की ओळंबा घेऊन फिरा, मोरीच्या बाजूपासून.

धुताना साधं पाणी आणि सौम्य साबण. सोडा नको, अ‍ॅसिड नको. त्याच लॉटच्या दोन जादा पट्ट्या, टचअपचा डबा आणि मूठभर स्क्रू फॅब्रिकेटरकडून आत्ताच मागून घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही.