लग्नपत्रिका घ्या आणि समाजशास्त्राला बसा

आमची छोटी प्रेस आहे. लग्नसराईत दिवसाला चार-पाच पत्रिका कंपोज होतात. पस्तिशीत बी.ए.ला बसलो आणि समाजशास्त्राच्या पहिल्याच पेपरात जेमतेम पास झालो. गाईडमधल्या व्याख्या तोंडपाठ होत्या, पण 'उदाहरण द्या' म्हटलं की पेन अडायचं. उदाहरणं माझ्याच मशीनमधून रोज निघत होती, हे डोक्यात यायला वर्ष गेलं. अकरावीला किंवा एफवायला हा विषय घेतला असेल तर घरातली एखादी जुनी पत्रिका शोधा. गावाकडची, नावांनी गच्च भरलेली असली तर उत्तम.

आधी नावांच्या मागेपुढे काय लावलंय ते बघा. 'ज्येष्ठ चिरंजीव', 'नात' हे जन्मानं मिळालं, म्हणून अर्पित दर्जा. कंसातलं 'बी.ई.', नावाखालचं 'माजी सरपंच' हे कमावलेलं, म्हणून अर्जित दर्जा. ही विभागणी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांची, 1936 सालची. दर्जा ही जागा. त्या जागेवर बसून जे करावं लागतं ती भूमिका. एकदा मी धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर टाकलं. धाकटा वकील, थोरला शेती करणारा. मला वाटलं वकीलसाहेब वर शोभतील. तीनशे पत्रिका पदरचे पैसे घालून पुन्हा छापल्या. त्यानंतर अर्पित-अर्जितमध्ये माझा गोंधळ झालेला नाही.

आपल्याला खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द. 'मुलगी समाजातलीच आहे' असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा त्याला जात म्हणायचं असतं. पेपरात समाज त्याहून पुष्कळ मोठा. 'वर्ग' म्हणजे शाळेची खोली नव्हे, तर पैसा आणि कामधंद्यावरून पडणारा समाजातला थर. 'संस्था' म्हटलं की आपल्याला पतसंस्था आठवते, पण समाजशास्त्रात विवाह ही संस्था, म्हणजे रुजलेली रीत, आणि पतसंस्था हे मंडळ, म्हणजे माणसांनी एका कामासाठी केलेली संघटना. समाजशास्त्रज्ञ मॅकायव्हर यांच्या मांडणीतून मी एक साधी कसोटी घेतली: सभासद होता येतं का? पतसंस्थेचं होता येतं, विवाहसंस्थेचं नाही.

आता दोन्हीकडची आडनावं बघा. जात बहुधा एकच, म्हणजे अंतर्विवाह. पण कूळ, देवक किंवा गोत्र वेगळं, म्हणजे बहिर्विवाह. हे दोन शब्द परीक्षेत हमखास उलटे पडतात. डॉ. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून अंतर्विवाहावरच बोट ठेवलं होतं. कुळाबाहेर लग्न करण्याची जुनी रीत होतीच, तिच्यावर जातीतच लग्न करण्याचं बंधन चढवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. एवढं कळलं की दोन्ही नियम एकाच पत्रिकेत कसे नांदतात ते लक्षात येतं.

एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या मामाचं आणि वधूपित्याचं नाव एकच आलं. प्रूफची चूक समजून मी फोन केला. पलीकडून हसून उत्तर आलं, "अहो, मामाचीच मुलगी केलीय!" उत्तरेत असं लग्न सहसा चालत नाही, दक्षिणेत अनेक ठिकाणी पसंत केलं जातं आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, अशी मांडणी इरावती कर्वे यांनी 1953 च्या ग्रंथात केली आहे. हा मुद्दा नातेसंबंधांच्या प्रश्नात जरूर घाला.

लोकरूढी आणि लोकनीती या शब्दांसाठी पत्रिकेच्या तळाशी या. 'कृपया आहेर आणू नये' असं नसेल आणि तुम्ही रिकाम्या हातानं गेलात, तर फार तर कुजबुज होईल. मोडली ती लोकरूढी. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घर वाळीत टाकलं, तर लोकांच्या लेखी मोडली ती लोकनीती. आणि वाळीत टाकणं हाच महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे. रूढी, नीती, कायदा: शिक्षा कोण देतं आणि किती कडक देतं, एवढंच तपासा.

'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखालची चिल्लीपिल्ली म्हणजे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांचा प्राथमिक समूह: समोरासमोरचा, जिव्हाळ्याचा छोटा गट. त्यावर जास्त वेळ घालवू नका, सोपं आहे.

सरावासाठी एक देतो. गेल्या महिन्यात चार ओळींची पत्रिका छापली: दोघांची फक्त नावं, आडनावं नाहीत, आईवडील नाहीत, कुलदैवत नाही, खाली 'नोंदणी पद्धतीने विवाह' आणि चहाची वेळ. वरच्यापैकी कोणते शब्द तिला लागू पडतात, ते वहीत लिहून काढा.