घाईच्या दिवशीचा चिकन पॉट पाय, वर बेकरीची खारी लावून

चिकन पॉट पाय म्हणजे काय तर खाली दाटसर पांढऱ्या सॉसमधलं चिकन न भाज्या आणि वर मैद्याचं खुसखुशीत झाकण. प्रकार इंग्रज-अमेरिकेकडचा. ते लोक थंडगार बटर मैद्यात चुरून झाकण लाटतात न ओव्हनमध्ये २०० डिग्रीला अर्धा तास भाजतात. आता आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना बटर थंड कुठून राहणार, मी एकदा हौसेने करायला गेले तर पोळपाटाला चिकटून त्याचं पार भरीत झालं. तेव्हापासून वर सरळ बेकरीतली खारी लावते. खारी तरी काय, मैदा न मार्जरीनच्या घड्याच ना, भाजून तयार मिळतात.

चार जणांना अर्धा किलो हाडासकट चिकन पुरतं. बोनलेस पण चालतं पण हाडाचं पाणी जास्त चवीचं लागतं. दोन कप पाणी, थोडं मीठ, अर्धा कांदा, कुकरला ३ शिट्ट्या. गार झालं की मांस सोडवून घ्यायचं आणि ते पाणी अजिबात फेकायचं नाही, सगळी गंमत त्यातच आहे. हे काम मी आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवते, उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, लगेच वास येतो.

आता सॉस, इथे मात्र गॅस सोडून मोबाइल बघायला जायचं नाही. कढईत ४ मोठे चमचे बटर, त्यात बारीक कांदा न ३-४ लसूण पाकळ्या, कांदा मऊ झाला की तेवढाच म्हणजे ४ चमचे मैदा टाकून मंद गॅसवर दोन मिनिटं परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलायला नको. मग चिकनचं एक कप गार पाणी थोडं थोडं ओतत हलवत राहायचं, एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा, आणि झाल्याच तर रवी फिरवा. मागून एक कप दूध. पळीवरून पिठल्यासारखं जड पडायला लागलं की बास, गार झाल्यावर अजून घट्ट होतं. गाजर न बटाट्याच्या छोट्या फोडी वेगळ्या उकडून ठेवलेल्या, मूठभर मटार, चिकन, अर्धा चमचा मिरेपूड, सगळं टाकून ५ मिनिटं शिजू द्यायचं. मीठ सगळ्यात शेवटी चाखून टाका कारण बटर खारट, खारी पण खारट. आणि कृपा करून काळा मसाला टाकू नका, मी टाकला होता, रंग सिमेंटसारखा झाला.

खारी वाढायच्या वेळीच लावायची. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) असेल तर काचेच्या भांड्यात गरम सारण, वर खाऱ्या शेजारी शेजारी बसवून १८० डिग्रीला ५ मिनिटं, लक्ष ठेवा, आधीच भाजलेली असते म्हणून पटकन करपते. ओटीजी नसेल तर खारी कोरड्या तव्यावर मंद गॅसवर गरम करून वाटीतल्या सारणावर ठेवली तरी झालं. वरून झाकण मात्र ठेवायचं नाही, वाफेने खारीचा लगदा होतो.

पोरांनी वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला न म्हणाल्या, "हे आजारी माणसाचं जेवण आहे गं." मग शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला आणि दोन वाट्या संपवल्या, त्यामुळे आता ठेचा आधी वाटून ठेवते. सारण उरलं तर दुसऱ्या दिवशी थोडं दूध घालून गरम करायचं न पोळीत गुंडाळून डब्यात द्यायचं.