विंडोज सर्व्हिस बसवताना परवानगी नडते कुठे? या चुका टाळा

देवगडचं आंब्याचं पॅकहाऊस असो, वेंगुर्ल्याची काजू फॅक्टरी असो की मालवणातलं लॉज, बिलिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून (म्हणजे पडद्यामागे विंडोजच सुरू करते असा प्रोग्रॅम म्हणून) बसवायचं कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. पावसाळ्यात लाईट जाते, येते, बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय चालू असेल तर पीसी आपोआप सुरूही होतो, पण पासवर्ड टाकायला तिथे कुणी नसतं. सर्व्हिसला कुणी लॉगिन करण्याची वाट पाहावी लागत नाही.

मग तक्रार येते: "हाताने चालवलं तर नीट चालतं, सर्व्हिस केली की ॲक्सेस डिनाइड." सर्व्हिस तुमच्या नावाने चालतच नाही, घोळ तिथेच आहे. म्हणून फोल्डरच्या परवानग्यांना हात लावण्याआधी सर्व्हिसेस डॉट एमएससी (विंडोजमधली सर्व्हिसेसची यादी) उघडा, तुमच्या सर्व्हिसवर डबल क्लिक करा आणि 'लॉग ऑन' टॅबमध्ये कोणतं खातं आहे ते बघा. अधिकार तपासायचे ते त्या खात्याचे.

एरर 5, म्हणजे हाच ॲक्सेस डिनाइड, दोन वेगळ्या वेळी येतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. सर्व्हिस तयार करतानाच आला, तर कमांड प्रॉम्प्ट साधा उघडलाय. खातं ॲडमिनचं असलं तरी पुरत नाही, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्यावंच लागतं. तयार झाली पण सुरू होताना आला, तर त्या खात्याला प्रोग्रॅमची फाइलच वाचता येत नाही. बहुतेक वेळा ती फाइल कुणाच्या तरी डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर पडलेली असते आणि 'लोकल सर्व्हिस', 'नेटवर्क सर्व्हिस' या विंडोजच्या कमी अधिकारांच्या तयार खात्यांना तिथे मज्जाव असतो. ती प्रोग्रॅम फाइल्समध्ये न्या, पण कट-पेस्ट करू नका. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्याच परवानग्या घेऊन येते. कॉपी केली की नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात.

सर्व्हिस सुरू होते, पण लॉग लिहिताना मरते? सर्व्हिसचं चालू फोल्डर मुळात सिस्टिम32, म्हणजे विंडोजचं स्वतःचं फोल्डर असतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नुसतं 'लॉग' असं लिहिलं असेल तर ते तिथेच लिहू पाहतं. ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण मार्ग द्या.

आता सगळ्यात वाईट सवय: वैतागून 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकणं. काम चालू होतं, हे खरं. पण प्रोग्रॅमच्याच फोल्डरला तसं दिलं आणि सर्व्हिस 'लोकल सिस्टिम' या विंडोजच्या सर्वाधिकारी खात्यावर असली, तर काउंटरवरचा कुणीही ती फाइल बदलू शकतो आणि बदललेली फाइल संपूर्ण पीसीच्या अधिकाराने चालते. त्यापेक्षा विंडोज 7 पासून असलेलं सर्व्हिसचं स्वतःचं खातं वापरा. 'लॉग ऑन' टॅबमध्ये 'एनटी सर्व्हिस', बॅकस्लॅश आणि सर्व्हिसचं नाव टाका, पासवर्डचे रकाने कोरे ठेवा. मग डेटाच्या फोल्डरवर सिक्युरिटी टॅबमध्ये याच नावाला फक्त 'मॉडिफाय' द्या. नाव सापडत नसेल तर 'लोकेशन्स'मध्ये तुमचाच पीसी निवडलाय ना ते पाहा आणि यादीत दिसणारं डिस्प्ले नाव नको, 'जनरल' टॅबमधलं सर्व्हिस नेम टाका.

एरर 1069 म्हणजे लॉगिनच फसलं. पासवर्डच्या जागी पिन टाकणं ही यातली नेहमीची चूक. पिन इथे चालत नाही. कोऱ्या पासवर्डचं खातंही चालत नाही. पासवर्ड मध्येच बदलला किंवा त्याची मुदत संपली (स्थानिक पॉलिसीत ती मुळात 42 दिवसांची असते) तरी हाच एरर येतो. पासवर्ड बरोबर असेल, तर खात्याला 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा हक्क नसतो. 'लॉग ऑन' टॅबमधून खातं दिलं की विंडोज तो हक्क स्वतः देते, कमांडने दिलं तर देत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत हा हक्क हाताने देण्याची पॉलिसीची खिडकीच नसल्यामुळे तिथे टॅबचाच रस्ता सोपा.

बॅकअप दुसऱ्या पीसीवर जात असेल तर झेड ड्राइव्ह विसरा. तो तुमच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हिसला दिसत नाही. दोन बॅकस्लॅश, पीसीचं नाव आणि शेअरचं नाव असा मार्ग द्या. डोमेन (सगळ्या पीसींची खाती एकाच सर्व्हरवर ठेवण्याची व्यवस्था) नसलेल्या छोट्या नेटवर्कवर 'लोकल सिस्टिम'ला पलीकडचा पीसी ओळखत नाही. दोन्ही पीसींवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं साधं खातं काढा आणि सर्व्हिस त्यावर चालवा. पलीकडे शेअरची आणि फोल्डरची अशा दोन्ही परवानग्या लागतात, त्यांतली जी कडक तीच चालते.

एरर 1053 मात्र बहुधा परवानगीचा नसतो. 30 सेकंदांत सर्व्हिसने विंडोजला उत्तर दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. साधा प्रोग्रॅम तसाच सर्व्हिस म्हणून जोडला तरी हेच दिसतं.

एवढं करूनही अडलं, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस मॉनिटर' ॲडमिन म्हणून उघडा, फिल्टरमध्ये 'रिझल्ट' म्हणजे 'ॲक्सेस डिनाइड' असं लावा आणि सर्व्हिस सुरू करा. कोणत्या फाइलवर किंवा रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) कोणत्या कीवर ती आपटली, ते त्या ओळीत दिसेल. परवानगी तेवढ्याच जागेची द्या.