आधी कूलर बंद करा: मेटल गाण्यातला काट्याचा क्षण नीट ऐकायचा तर

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की घरोघरी पत्र्याचा कूलर दिवसरात्र घोंघावत असतो. त्या घोंघाटात किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडचं ‘स्टारलेस’ लावलं, तर मधल्या चार-साडेचार मिनिटांत काही वाजतंय की नाही तेच कळत नाही. हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. मग नऊ मिनिटांच्या पुढे सगळा बँड एकदम अंगावर येतो, इअरफोन चरचरतो, आपण घाबरून आवाज कमी करतो आणि अंगावर काटा आणणाऱ्या ज्या क्षणासाठी गाणं लावलं होतं तो बटण दाबण्यात निघून जातो. गाणं चांगलं, कानही चांगले, घोटाळा बटणाचा.

प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या बांधणीचं रॉक) आणि हेवी मेटलमधला अंगावर काटा आणणारा क्षण हा वसुलीचा क्षण असतो. गाणं आधी बरंच काही थकवून ठेवतं: एखादी धून अर्धी सोडतं, ताल लंगडता ठेवतं, आवाज दाबून धरतं. थकबाकी जेवढी जास्त, तेवढा शेवटी काटा मोठा. मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की संगीताने रोमांच येतात तेव्हा मेंदूत डोपामिन दोन टप्प्यांत सुटतं, एकदा वाट पाहताना आणि एकदा प्रत्यक्ष त्या क्षणी, आणि दोन्ही वेळा मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांत. म्हणजे वाट पाहणं हा अर्धा माल आहे. नंदुरबार जिल्ह्यातली काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. रात्रभर ढोल, घुंगरू, नाच, आणि होळी पेटते पहाटे. पहाटे जीपमधून उतरणाऱ्याला नुसता जाळ दिसतो.

म्हणून पहिलं काम आवाज लावण्याचं, आणि ते उलट्या बाजूने करायचं. गाण्याचा सगळ्यात भरगच्च भाग आधी दहा सेकंद वाजवा (नवं गाणं असेल तर पट्टी ओढून शेवटच्या पाव भागात कुठेही थांबा), तिथे आवाज दमदार पण कानाला सुसह्य होईल असा ठरवा आणि मग गाणं पहिल्यापासून लावा. यानंतर बटणाला हात नाही. सुरुवात फार हळू वाटेल. वाटू द्या. ती ऐकू येत नसेल तर खोलीतला आवाज कमी करायचा, गाण्याचा वाढवायचा नाही.

खोलीसाठी साधा हिशोब: तासभर आधी कूलर पूर्ण वेगाने चालवून खोली गार करा, मग पंप आणि पंखा दोन्ही बंद. नुसता पंप बंद करून उपयोग नाही, घोंघाट पंख्याचा असतो. दहा-बारा मिनिटांचं गाणं तेवढ्या गारव्यात निघतं. रात्री अकरानंतर गच्चीवर गादी टाकून ऐकलं तर प्रश्नच मिटतो, फक्त घर भुसावळ यार्डाच्या जवळ असेल तर इंजिनाचा हॉर्न नेमका शांत जागी येणार हे धरून चाला. स्पीकरवर ऐकणार असाल तर पत्र्याच्या छताची खोली टाळा. बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला पत्रा झणझणतो आणि तो आवाज झांजेत मिसळून सगळा चिखल होतो. दुसरी खोलीच नसेल तर स्पीकर कोपऱ्यातून दोन-तीन फूट पुढे ओढा, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा आणि मागच्या भिंतीवर जाड गोधडी लटकवा.

इअरफोन महागडा नको. जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळणारा वायरचा, रबरी टोपीचा साधा इअरफोन पुरतो, पण टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. सोबत सहसा तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक मधली लावून मोकळे होतात. घालून स्वतःशी एक वाक्य बोला. आपलाच आवाज डोक्यात घुमला तर टोपी बसली. नाही घुमला तर हवा गळते आहे, आणि हवा गळली की सगळ्यात आधी खालचे सूर जातात: बास गिटार, पायाचा ड्रम, म्हणजे नेमका काट्याचा पाया. उन्हाळ्यात घामाने टोपी सरकते, तेव्हा कान पुसूनच सुरू करा.

फोनमध्ये इक्वलायझर आणि बास बूस्ट बंद. गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड बंद. स्पॉटिफायवर आवाजाची पातळी ‘लाउड’ असेल तर ती ‘नॉर्मल’ करा. ‘लाउड’मध्ये लिमिटर बसतो आणि गाण्याची सगळ्यात उंच टोकं चेपली जाऊ शकतात. गाणं डाउनलोड करून ठेवा, फोन विमान मोडवर टाका. वीज गेली, नेट गेलं किंवा बाराव्या मिनिटाला नातेवाइकांच्या ग्रुपवर सुप्रभात आलं, तर आधीची अकरा मिनिटं पाण्यात.

आता गाणी. सुरुवात ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० सालच्या ‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाच्या गाण्यापासून करावी, कारण तिथे भीती कशी बनवली आहे ते घरच्या पेटीवर तपासता येतं. पांढरी पाच दाबा, मग वरच्या सप्तकातली पांढरी पाच, मग त्या दोघींच्या बरोबर मधली काळी एक. सा, तार सा, तीव्र मध्यम. एवढीच धून आहे. तिसरा सूर धरून ठेवा आणि पेटी बंद करा: कान पंचमावर जायला तडफडतो आणि गाणं त्याला जाऊ देत नाही. साडेचार मिनिटांच्या आसपास हीच अडवून धरलेली ताकद एकदम धावत सुटते. वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती आणि तो त्या बोटांना टोप्या घालून वाजवत असे. या धुनीला तेवढीच बोटं पुरली.

‘स्टारलेस’ (१९७४, ‘रेड’ अल्बम, लांबी १२ मिनिटांच्या थोडी पुढे) हे काटेकोर अर्थाने मेटल नाही, पण थकबाकी वाढवण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही, म्हणून यावर वेळ घाला. पहिली धून मन लावून ऐका. उदास, लांबट, गुणगुणता येईल अशी आहे, आणि ती पाठ झाल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. साडेचार मिनिटांच्या सुमारास गायन संपतं आणि बासवर १३ मात्रांचं चक्र सुरू होतं. बोटांच्या पेरांवर मोजा. बाराव्यानंतर सवयीने एकवर उडी माराल, तिथेच फसाल. पहिल्या चार-पाच आवर्तनांत प्रत्येकाचं हेच होतं. गिटार एकच सूर टोचत राहते, मग थोडा वरचा, मग आणखी वरचा. इथे काहीच घडत नाही असं वाटून बरेच जण गाणं पुढे ढकलतात. तेच नेमकं करायचं नाही. गिटारचा सूर चढतो तेव्हा खांदे वर येतात की नाही ते बघा, येतातच. नऊ मिनिटांच्या पुढे बांध फुटतो, सॅक्सोफोन घुसतो, आणि अगदी शेवटी ती पहिली धून सगळ्या बँडच्या जोरावर परत येते. काटा त्या परतण्याला येतो. धून आधी पाठ नसेल तर परतलं कोण हेच कळणार नाही.

मेटॅलिकाच्या ‘वन’मध्ये (१९८८) बांधणी वेगळी आहे: संथ गिटार, कडवं, जड धून, पुन्हा संथ. सव्वाचार ते साडेचार मिनिटांच्या दरम्यान दोन्ही पायांचे ड्रम आणि गिटार एकाच नमुन्यात फैरी झाडू लागतात. इथे एक सापळा आहे. या अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, तशीच ती मिसळली आहे. इअरफोन बिघडला समजून बास वाढवाल, तर बास गिटार येणार नाही, फक्त पायाचे ठोके एकमेकांना चिकटतील. आणि त्या फैरीची सगळी गंमत ठोका न् ठोका सुटा वाजण्यात आहे.

टूलचं ‘लॅटरॅलस’ (२००१) शास्त्रीय संगीत कानावर असलेल्यांना लवकर सापडतं. मुख्य भागात मात्रा ९, मग ८, मग ७ अशा उतरतात. बेरीज २४. सुटे आकडे मोजण्यापेक्षा २४ चं एक आवर्तन धरा आणि सम पकडा, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांतला चढाव पायाखाली जमीन असल्यासारखा वाटतो. ज्यांना मोजायला आवडत नाही त्यांनी मोजू नये. डोकं वर-खाली हलवत राहिलं तरी सम सापडते, जरा उशिरा.

आयर्न मेडनचं ‘हॅलोड बी दाय नेम’ (१९८२) फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाचं आहे, आणि घंटेपासूनचं पहिलं मिनिट शांत बसून ऐकलं तर शेवटच्या अर्ध्या मिनिटातली ती लांब हाक लागते. रेनबोचं ‘स्टारगेझर’ (१९७६) सोपं: म्युनिकच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदावर गायक डिओचा आवाज चढत जातो, पण गाणं शेवटी हळूहळू विरतं. विरताना आवाज वाढवू नका, पुढचं गाणं कानात फुटेल.

ओपेथच्या ‘डिलिव्हरन्स’ला (२००२) मात्र धीर लागतो. साडेतेरा मिनिटांच्या या गाण्याच्या शेवटी गिटार आणि ड्रम एकच तुटक नमुना मिनिटामागून मिनिट घोळवत राहतात. खानदेशातल्या वहीगायन या लोकगायनात डफावर एकच ठेका बराच वेळ चालला की जे होतं, तेच इथे. ‘आता थांबेल’ असं तीनदा वाटतं, चौथ्यांदा वाटणं बंद होतं आणि तिथे काटा येतो. नेमका कुठे, हे प्रत्येकाचं वेगळं. ड्रीम थिएटरचं २४ मिनिटांचं ‘ऑक्टेव्हेरियम’ (२००५) सगळ्यात शेवटी ठेवा. अठराव्या मिनिटानंतर गायकाचा आवाज पायरी-पायरीने किंचाळीपर्यंत जातो आणि त्यावर वाद्यवृंदासकट गिटार उघडते. आधी किमान दोनदा पूर्ण ऐकलं असेल तर. एक बारीक गंमत: हा अल्बम ज्या सुरावर संपतो त्याच सुराने सुरू होतो, तेव्हा ‘रिपीट’ एका गाण्याला न लावता अल्बमला लावा.

कोणत्याही गाण्याला तीन वेळा ऐकण्याची मुदत द्या. पहिल्यांदा काटा आला नाही तर बिघडलं नाही, कारण वाट कशाची पाहायची तेच माहीत नसतं. दुसऱ्यांदा बहुधा येतो, आणि तिसऱ्यांदा तो क्षणाच्या थोडा आधीच येऊ लागतो. त्यापुढे रोज घोटलं तर आठवड्याभरात मरतो. मग महिनाभर ते गाणं बंद, दुसरं काही ऐका. फक्त तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून रिंगटोन करणाऱ्यांचं काही करता येत नाही.

डीजेवर वाढलेल्या मित्रांना ऐकवायचं असेल तर ‘वन’ने सुरुवात करा, ‘स्टारलेस’ने नको. ‘आता बघ भो, आता येईल’ असं म्हणायचं नाही. सांगून आलेला काटा येत नाही. खायचं आधी किंवा नंतर. शेवभाजी चालेल, पण बिबड्या-पापड समोर ठेवले तर शांत भागात कुरकुर हेच मुख्य वाद्य होतं.

सगळं नीट करूनही गाणं सपाट वाटलं तर आवृत्ती तपासा. मेटॅलिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर टीका झाली ती यासाठीच: आवाज इतका चेपून वर आणला होता की हळू आणि मोठ्यात फरकच उरला नव्हता. जुन्या अल्बमांच्या काही नव्या रीमास्टर (ध्वनी नव्याने घडवून काढलेल्या) आवृत्त्यांचंही तसंच होतं. जुनी सीडी कुणाकडे असेल तर दोन्ही लावून बघा, आवाज कानाने सारखा करून, कारण जास्त मोठी वाजणारी आवृत्ती पहिल्या अर्ध्या मिनिटात नेहमी जास्त चांगली वाटते.

आणि कानाचं. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचं माप असं, की ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. लग्नाच्या वरातीत डीजेच्या मागे चालून आलात, तर त्या रात्री ‘ऑक्टेव्हेरियम’ नको. कानात बारीक शिट्टी वाजत असताना शांत भाग ऐकूच येत नाहीत. शिट्टी थांबेपर्यंत इअरफोन कपाटात राहू द्या, आणि दोन दिवसांत थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा.