वय वाढल्यावर ताट कसे मांडावे : काय कमी करावे आणि काय मुळीच कमी करू नये

ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या घरी गेली चौदा वर्षे मी आधी सासूबाईंचे, मग आईचे आणि आता वडिलांचे ताट मांडत आले आहे. या काळात शेजारणींपासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येकाने एकच सल्ला दिला, तो म्हणजे ‘आता त्यांना हलके द्या.’ हा सल्ला निम्मा खरा आहे, आणि घोटाळा त्यातूनच होतो. वयानुसार स्नायू घटतात, हालचाल मंदावते आणि शरीराला लागणारी एकूण ऊर्जा कमी होते, एवढे बरोबर आहे. मात्र प्रथिने, कॅल्शियम आणि ब१२ जीवनसत्त्व यांची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि प्रथिनांची तर थोडी वाढतेच. जांभळी नाक्याच्या बाजारात जाताना पिशवी लहान घेतली, पण सामानाची यादी तेवढीच राहिली, तर पिशवीत आधी काय भरायचे याचा जसा विचार करावा लागतो, तसा तो या ताटाचा करावा लागतो.

पहिली पायरी : वजन

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप पाच टक्क्यांनी, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंनी उतरले, तर वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे जावे.

दुसरी पायरी : दोन दिवसांची खरी नोंद

ताटात काय वाढले ते लिहू नये; पोटात काय गेले ते लिहावे. कवळी बसत नसेल तर ती आधी नीट करून घ्यावी, कारण चावता येत नाही म्हणून माणूस आपोआप पोळीकडून मऊ भाताकडे आणि उसळीकडून बिस्किटाकडे सरकतो आणि त्याला आपण आवड समजून बसतो.

तिसरी पायरी : प्रथिने

येथे मी स्वतः फसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी स्टेशनजवळ जाऊन पट्ट्याला दोन नवी भोके पाडून आणली, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पुढे काही दिवसांनी तलावपाळीवरच्या त्यांच्या नेहमीच्या बाकावरून उठताना त्यांनी आधी बाकाची कड धरली, मग माझा हात मागितला, आणि तरीही दुसऱ्या प्रयत्नात ते उभे राहिले. गुडघे दुखतात का, असे विचारले तर नाही म्हणाले. दुखत काहीच नव्हते; मांडीत जोरच उरला नव्हता. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हे मी वाचले होते, पण घरातल्या माणसाच्या मांडीकडे पाहायचे मात्र राहून गेले होते.

त्या रात्री मी त्यांच्या खाण्याची बेरीज केली. सकाळी वाटीभर पोह्यांतून चार ग्रॅम, दुपारच्या दोन पोळ्यांतून सहा, मुदीएवढ्या भातातून दोन, पातळ वरणातून तीन, लहान वाटीभर दह्यातून तीन, रात्री मेतकूट-भातातून जेमतेम चार आणि झोपताना पेलाभर दुधातून पाच. भाजी आणि चहातले दूध धरूनही आकडा तीस-बत्तिसाच्या पुढे जाईना. त्यांचे वजन तेव्हा अठ्ठावन्न किलो होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे, तर प्रोट-एज या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये पासष्टीपुढच्या निरोगी व्यक्तींसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवले आहेत. त्या हिशेबाने वडिलांना अठ्ठावन्न ते सत्तर ग्रॅम हवे होते आणि मिळत होते निम्मे. घरात वरण रोज होते, याचेच आम्हाला समाधान होते. वरण असते; डाळ त्यात किती असते, ते एकदा कच्ची डाळ काट्यावर ठेवून पाहावे. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि आमच्या पातळ वरणातून त्यांच्या वाट्याला पंधरा ग्रॅमही डाळ येत नव्हती.

दुसरी अडचण आपल्या पंक्तीच्या रीतीतच आहे. आपले जेवण वरणभात, तूप आणि लिंबाने सुरू होते. तरुण माणसाला त्याने काही फरक पडत नाही, पण वय झालेल्याचे जठर हळू रिकामे होते आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते, त्यामुळे पहिल्या भातावरच हात थांबतो आणि उसळ, दही, पनीर ताटात तसेच राहते. म्हणून मी घरात क्रम उलटा केला : आधी उसळ किंवा अंडे किंवा मासळी, मग पोळी आणि शेवटी भात. यावरून वडील पंधरा दिवस माझ्याशी धड बोलत नव्हते. अखेर तडजोड अशी झाली की भाताची मूद लहान करायची, पण ती पहिली वाढायची आणि तिच्यावर पळी उभी राहील इतके घट्ट वरण दोन डाव घालायचे.

तिसरी गोष्ट वाटणीची. वयस्कर स्नायू थोड्याथोडक्या प्रथिनांना दाद देत नाहीत. एका बैठकीत पंचवीस ते तीस ग्रॅम मिळाली तर ते बांधणीला लागतात. त्यामुळे दिवसभराचा आकडा रात्रीच्या एका पनीरच्या भाजीत भरून काढण्यात फारसा अर्थ नाही. सर्वांत दुबळी असते ती सकाळ, म्हणून सुरुवात तेथूनच करावी. पन्नास ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली दोन मऊ धिरडी, आत चाळीस ग्रॅम कुस्करलेले पनीर आणि सोबत पेलाभर दूध एवढ्यात तेवीस-चोवीस ग्रॅम होतात. दुपारी घट्ट आमटी, पोळ्या, मोड आलेल्या मुगाची चांगली शिजवून थोडी ठेचलेली उसळ आणि मोठी वाटी दही. चार वाजता चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर दाण्याच्या कुटाचा लाडू. रात्री खिचडी, पण तांदूळ आणि डाळ समसमान घेऊन, वर पन्नास ग्रॅम पनीर किसून. दुधात किंवा खिरीत साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे ढवळली की आणखी पाच ग्रॅम येतात आणि चवीत कोणाला काही कळत नाही. सासूबाई अलिबागच्या, त्यामुळे त्यांचे काम सोपे होते. बोंबील दातांशिवायही खाता येतो आणि सुरमईची शंभर ग्रॅमची तुकडी वीस ग्रॅम देऊन जाते.

‘आम्हाला डाळ पचत नाही’ हे वाक्य येणारच. बहुतेक वेळा कारण असे असते की वर्षानुवर्षे पेज खाल्लेल्या पोटावर आपण एका दिवसात वाटीभर छोले लादतो. मी तीन आठवडे घेतले : पहिल्या आठवड्यात फक्त सकाळ बदलली, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात रात्र. डाळ भिजवून पाणी टाकले, हिंग-आल्याची फोडणी दिली, आणि सुरुवातीला तुरीऐवजी मूग वापरला. प्रथिनांच्या पावडरचे चॉकलेटच्या चवीचे डबे आणायचेच असतील तर डब्यामागची बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळ डब्यांत प्रथिनांपेक्षा साखर अधिक भरते.

एक सूचना मात्र कधीही ओलांडू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते की नाही हे दाखवणारा घटक) वाढलेले असेल, तर यातला एकही आकडा स्वतःच्या मनाने लावू नये; तेथे मूत्रपिंडतज्ज्ञांचेच ऐकावे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तो गिळण्याचा प्रश्न आहे, आहाराचा नाही, आणि त्यासाठीही आधी डॉक्टर.

शिवाय नुसते खाऊन स्नायू होत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि बसणे, सुरुवातीला पाच वेळा आणि जमेल तसे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तलावाला चकरा मारल्याने श्वास सुधारतो, पण मांडीला हाच व्यायाम लागतो.

चौथी पायरी : ब१२, ड आणि कॅल्शियम

वयानुसार जठरातले आम्ल कमी झाले की अन्नातले ब१२ सुटे होत नाही. त्यात शाकाहार, मधुमेहाचे मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षे चाललेली ॲसिडिटीची गोळी असेल तर रक्ततपासणी टाळू नये. पायाला मुंग्या आणि विसरभोळेपणा या दोन्हींना घरात ‘वय’ म्हणतात, तेव्हा विशेषतः. कोवळ्या उन्हात बसवल्याने ड जीवनसत्त्व मिळते, हा लाडका समज सोडून द्यावा. उपयोगाचे किरण ऊन चढल्यावर येतात, ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत आणि वयस्कर त्वचा त्यांचा उपयोगही कमी करते. मे महिन्यातल्या ठाण्यात कोणाला भर दुपारी गच्चीवर बसवावे असे मी सांगणार नाही. तपासणी करून गोळी घ्यावी, आणि साठ हजार युनिटची गोळी सांगितलेले आठवडे संपल्यावर थांबवावी. ती पुढे चालू ठेवून त्रास झालेली माणसे मी पाहिली आहेत. कॅल्शियमसाठी दूध, दही आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते.

पाचवी पायरी : पाणी आणि मीठ

तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण या वयात ती उशिरा लागते. भरलेला तांब्या समोर ठेवावा आणि रात्री उठून अंधारात पडणे टाळण्यासाठी तो दिवेलागणीपर्यंत संपवावा. हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलेले असेल तर अर्थातच ते माप पाळावे. सगळे अळणी लागते, ही तक्रार खरी असते, कारण आधी वास कमी होतो आणि चव त्यामागून जाते; पण उपाय मीठ नव्हे, तर लिंबू, कोकम, लसणाची फोडणी आणि वरून ताजी कोथिंबीर. कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा दुबळ्या मूत्रपिंडाला ते धोक्याचे ठरते.

सहावी पायरी : गोळ्यांची वेळ

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर आणि चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. आमच्याकडे थायरॉईडची बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे, कारण वडील चहाच्या आधी रोज न चुकता जातात ते तेथेच.